तिथला पाव्हना

झुलालने बेल दाबली आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात कोंबली. आतून पावलं वाजली तशी घाईघाईने परत काढून डोक्यावर ठेवली. ती मायने सकाळी स्वतःच्या हाताने घालून दिली होती. मुराळ्याने उघड्या डोक्याने जायचं नसतं, असं बजावून. चाळिशी ओलांडलेला, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा माणूस, पण धुळ्यापासून जळगावपर्यंत एस.टी.त तो टोपीच सावरत आला होता. काखेत मायने बांधून दिलेलं गाठोडं होतं. ते कुठे खाली ठेवायचं नाही, अशीही ताकीद होती.

दार उघडेपर्यंत त्याने बाहेरच्या चपलांच्या रॅकवर नजर फिरवून घेतली. बायकी चपला, पोरांचे कॅनव्हासचे बूट, एक फाटकी स्लीपर. आणि सगळ्यात खाली, जाड तळव्याचे, नाड्यांचे, काळेकुळकुळीत मोठे बूट. म्हणजे मायचं खरं होतं तर. घरात पाव्हना होता.

दार दहा-अकरा वर्षांच्या मुलीने उघडलं. तिने आधी टोपी पाहिली, मग गाठोडं.

"काका, आम्हाला काही घ्यायचं नाही."

"मी विकायला नाही आलो गं. रोहिणी आहे का? मी तिचा भाऊ. झुलाल."

मुलगी वळली आणि घर दणाणून जाईल असं ओरडली, "रोही, तुझा भाऊ आलाय! टोपी घालून!"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती. खानदेशात आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी झोके घ्यायला येते, पण आपल्या पायाने येत नाही. तिला आणायला मुराळी जातो. तो सासरी जाऊन बसतो, सांजोऱ्या पुढे ठेवतो आणि जावयाला विचारतो, न्यायला आलो, नेऊ का? जावई जरा तोंड जड करतो आणि म्हणतो, परत कधी? हा सगळा खेळ झुलालला तोंडपाठ होता, फक्त दुसऱ्या बाजूने. दरवर्षी त्याच्या बायकोचा भाऊ, नवीन नावाचा मेहुणा, त्याच्या घरी येऊन बसायचा आणि झुलाल खुर्चीत रेलून, हाताची घडी घालून, गावाचा पाटील असल्यासारखा 'परत कधी?' विचारायचा. बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत असायची.

पण रोहिणीचं लग्नच झालेलं नव्हतं. बिनलग्नाच्या बहिणीला आणायला कुणी मुराळी जातं का? तिला फोन करावा, ती एस.टी.त बसून येते. झुलालने मायला हे दोनदा समजावून सांगितलं. तिने ऐकल्यासारखं केलं आणि गाठोड्याची गाठ आवळली.

"रोहिणीले लई ये. पन तिले इचारू नको. तठला पाव्हनाले इचार. पाव्हनानी हो म्हनं म्हनजे मंगच उठ."

"कोनता पाव्हना?"

"जाशी म्हनजे दिखी."

खानदेशात घरी आलेला तो पाव्हना आणि जावई तोही पाव्हनाच. एस.टी. पारोळ्याला पोचेपर्यंत झुलालची खात्री पटली होती की रोहिणीने कुणाशी तरी गुपचूप लग्न उरकलंय आणि मायला ते ठाऊक आहे. एरंडोल येईपर्यंत ते त्याला अशक्य वाटायला लागलं. एवढी वर्षं ती त्या ज्योत्स्नाच्या घरात राहते, ज्योत्स्नाच्या पोरांना शाळेत सोडते, आता त्यांच्याबरोबर परदेशी निघालीय. यात नवरा कुठे बसवायचा? ज्योत्स्नाबद्दल घरात सगळ्यांना जे माहीत होतं ते कुणी कधी शब्दांत घातलं नव्हतं. 'मैत्रीण' म्हटलं की भागत होतं. जळगाव आलं तेव्हा त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आणि आता हे बूट.

रोहिणी बाहेर आली. हातात चिकटपट्टीचं भेंडोळं, केसांना धूळ. भावाला पाहून ती आधी हसली आणि लगेच तिचा चेहरा बदलला.

"भाऊ? मायले काय व्हयनं?"

"काही नही. बरी शे."

"खरं सांग."

"खरंच बरी शे. आखाजी शे ना, म्हनीसन उनू."

ती तशीच उभी राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता हे त्याला दिसलं आणि का बसत नव्हता हेही त्याला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी बाप आजारी असल्याचं सांगूनच तिला गावी बोलावलं होतं. बाप खाटेवर होता खरा, पण काकांनी मुलगाही बघून ठेवला होता. तिचा फोन कपाटात, पर्स कपाटात, आणि कपाटाची किल्ली झुलालच्या करदोड्याला. तीन आठवडे. मध्ये एक दिवस जळगावची कुणी बाई गावच्या स्टँडवर सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत बसून गेली, असं टपरीवाल्याने सांगितलं होतं. मग एका सकाळी रोहिणी दूध आणायला गेली ती परत आलीच नाही. पुढे बाप गेला तेव्हा आली, ती रिक्षातून. रिक्षावाल्याला तिने इंजिन बंद करू दिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

बसायला जागा नव्हती. सोफ्यावर कपड्यांचे ढीग, जमिनीवर उघड्या बॅगा, मधोमध वजनकाटा. सहा वर्षांचा बादल काट्यावर ठेवलेल्या बॅगेवर चढून बसला होता आणि दार उघडणारी त्याची मोठी बहीण पूर्वा त्याला खाली ओढत होती. खोली रिकामी होत होती की भरत होती, काही कळत नव्हतं. झुलाल एका खोक्याच्या कडेवर टेकला. गाठोडं मांडीवर.

"पाणी घे."

"ऱ्हाऊ दे. पहिले..." त्याने घसा साफ केला. "पाव्हना कोठे शेतस?"

"कोन पाव्हना?"

"घरात जे मोठे असतील ते," तो पूर्वाकडे बघत शहरी मराठीत म्हणाला. लहान पोर खरं सांगेल असं त्याला वाटलं.

"मम्मी मोठी आहे," पूर्वाने लगेच सांगितलं. "रोही तिच्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान."

हात धुवायचं निमित्त करून तो गाठोड्यासकट न्हाणीघरात गेला. आरशाखाली ग्लासात ब्रश होते, दोन मोठे, दोन लहान. दाढीचं सामान नव्हतं. दाराच्या मागे पाहिलं, एकही पुरुषी कपडा नव्हता. त्याने तोंडावर पाणी मारलं, टोपी भिजली, ती पुसली. आपण इथे बहिणीच्या घरात चोरासारखे काय शोधतोय, याची त्याला लाज वाटली.

बाहेर आला तर ज्योत्स्ना उभी होती. उंच, केस कानापर्यंत कापलेले, अंगात दवाखान्यातला निळा झब्बा. रात्रपाळी करून, बँकेची कामं उरकून ती आत्ताच पोचली होती. ती मूळची खानदेशातल्याच सावद्याची. बोलणं तुटक, स्वच्छ. तिने ते काळे बूट उचलून आत आणले होते आणि ती ते एका बॅगेत कोंबत होती.

"आयर्लंडला सारखा पाऊस असतो म्हणे," तिने पूर्वाला सांगितलं. "तुझेही असलेच घ्यायचे आहेत." मग मान वर न करता, "कशाला आलात, झुलालभाऊ?"

बूट तिचे होते. झुलाल त्या बुटांकडे बघत परत खोक्याच्या कडेवर टेकला.

"आखाजीला... रोहिणीला न्यायला."

ज्योत्स्नाचे हात थांबले. रोहिणीने चिकटपट्टीचं टोक नखाने उकरायला घेतलं. ते सापडत नव्हतं.

"मी काही म्हटलेलं नाही," ती ज्योत्स्नाला म्हणाली. "मला आत्ताच कळलं."

"पण जायचंय तुला."

रोहिणीने भावाकडे वळून हळूच विचारलं, "लिंबले झोका बांधा का रे कोनी औंदा?"

"बांधा ना. मायनीच बांधी लिधा. माले खाले उभं करीसन." तो सांगता सांगता थांबला. "दोन बांधा शेतस."

"दोन?"

"एक मोठा, एक धाकला. माले काही समजनं नही. मना पोरे तं कॉलेजमा शेतस."

रोहिणीने डोळे मिटले. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरत होता, आणि झुलालला ते बघवेना. तो मायचा मुराळी म्हणून आला होता, पण त्या क्षणी त्याला स्वतःलाच तिला घेऊन जावंसं वाटलं. पुढच्या आठवड्यात ही विमानात बसणार. माय सत्तरीच्या पुढची. पुन्हा कधी?

"चाल ना," तो म्हणाला. मायने सांगितलेलं तो साफ विसरला. "आत्तेनी गाडी सापडी."

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"ज्योत्स्ना."

"नाही, मला बोलू दे. तिकडे पहिल्यांदा आपल्या चौघांची नावं एका घरात लिहिली जाणार आहेत. पहिल्यांदा, रोही. त्यासाठी दोन वर्षं घासलीत आपण. आणि ऐन वेळी तू त्या घरात अडकलीस तर मी विमानतळावर दोन पोरं घेऊन काय करू?" ती झुलालकडे वळली. पाय रोवून, हाताची घडी घालून उभी राहिली. आवाज मात्र चढला नव्हता. "मागच्या वेळी मी तुमच्या स्टँडवर बसून होते. दिवसभर. घरापर्यंत यायची हिंमत नाही झाली माझी. तिला नेताना कुणी मला विचारलं होतं? अहो, परत कधी पाठवणार, एवढं तरी कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगशात त्या दिवशी," झुलाल म्हणाला.

तो असं काही म्हणेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, मान खाली गेली होती, हात टोपीकडे गेला होता. झुलालला वाटलं, हा आवाज आपण ओळखतो. हा मेहुण्याचा, नवीनचा आवाज. दरवर्षी आपल्या ओट्यावर, आपल्यासमोर मान खाली घालून, हेच. तुम्ही सांगशात त्या दिवशी. त्याने मान वर करून पाहिलं. समोर ज्योत्स्ना हाताची घडी घालून, तोंड जड करून उभी होती.

अरे देवा, झुलाल मनात म्हणाला.

तो उठला. मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर गेला. काय बोलायचं ते त्याला कळेना, म्हणून मायने सांगितलं होतं तेच, तिच्याच शब्दांत बोलला.

"मायनी धाडं शे. पाव्हनाना हातमाच देजो, सांगं."

"पाव्हना?" ज्योत्स्नाने विचारलं.

सावद्याच्या मुलीला या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नव्हती. तरी तिने रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी जवळच्या बॅगेवर मटकन बसली होती. ती हसत होती, की रडत होती, की दोन्ही, ते झुलालला कळलं नाही. तो पुरता गोंधळला होता आणि त्याला टोपी गच्च व्हायला लागली होती.

गाठ सुटता सुटेना, शेवटी ज्योत्स्नाने दातांनी सोडवली. आत स्टीलच्या डब्यात सांजोऱ्या होत्या. नारळ होता. कोरा पंचा होता, त्यावर कडक घडीची पांढरी टोपी, झुलालच्या डोक्यावर होती तशीच. जावयाला देतात तशी. आणि टोपीच्या खाली, हिरवा खण. सगळ्या गावाला उपदेश करणारी माय, पण पाव्हन्याला काय द्यावं हे तिलाही ठरवता आलेलं नव्हतं. म्हणून तिने दोन्ही बांधलं होतं.

ज्योत्स्नाने एका हातात टोपी घेतली, दुसऱ्या हातात खण. बराच वेळ ती दोन्हीकडे बघत राहिली. मग तिने नाक ओढलं.

"परत कधी?" ती म्हणाली. या वेळी खरोखर विचारलं.

"तुम्ही सांगा."

"पंचमीला. सकाळच्या गाडीने."

"पंचमीला."

"फोन तिच्याजवळ राहील."

"राहील. कपाटाची किल्ली पण तिलाच देतो," झुलाल म्हणाला आणि त्याचे कान तापले.

"आणि पोरं?"

पोरांबद्दल माय काहीच बोलली नव्हती. पोरं ज्योत्स्नाची होती, कागदावरही आणि रक्तानेही. त्यांना कसं विचारायचं, कुठल्या नात्याने? मग त्याला कडुलिंबाची ती खालची फांदी आठवली, आणि आपण खाली उभं राहून 'आते हाऊ धाकला कसाले?' विचारलं तेव्हा मायने वरून नुसतं 'दोरी धर' म्हटलं होतं, ते.

"धाकटा झोका त्यांचाच असेल," तो म्हणाला. "दुसरं कोण आहे?"

ज्योत्स्ना खाली वाकली आणि बादलच्या शर्टाचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं. तिने ते काढून पुन्हा लावलं.

"जा," ती पोरांना म्हणाली. "आखाजीला आजोळी जायचं असतं."

"आणि तू?" पूर्वाने विचारलं.

सगळ्यांनी झुलालकडे पाहिलं. त्याने टोपी नीट केली. हे सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"पाव्हने आखाजीला येत नाहीत," तो पुटपुटला. "त्यांनी... घरीच राहायचं असतं."

ज्योत्स्ना आल्यापासून पहिल्यांदा हसली. "म्हणजे तुमच्या आईने एवढा मान दिला," ती म्हणाली, "आणि घरी बसवलं!"

"मी नाही जात," रोहिणी एकदम म्हणाली. "आपलं ठरलं होतं, चौघं तर चौघं."

"तू जा. परत यायच्या बोलीवर चाललीयेस." ज्योत्स्नाने तिच्या केसांतली धूळ झटकली. मग तिचा हात तिथेच राहिला. "मला भीती वाटतेय, रोही. पण जा."

झुलालने खिडकीकडे तोंड केलं आणि बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे लक्ष देऊन पाहिलं.

निघताना त्याने शेवटी पाणी मागितलं आणि दोन पेले प्यायला. सांजोऱ्यांचा डबा ज्योत्स्नाने ठेवून घेतला, एक सांजोरी तेवढी बादलने पळवली. जिना उतरताना बादलने विचारलं की झोका किती उंच जातो. पूर्वाने विचारलं की तुम्हाला काय म्हणायचं, काका की मामा. रोहिणी भावाकडे बघत होती. झुलाल म्हणाला, पहिले गाडी तर सापडू दे.

खाली रस्त्यावर रिक्षा मिळाली. रोहिणी आणि पोरं आत बसली. रोहिणीने रिक्षावाल्याकडे पाहिलं, त्याने इंजिन बंद ठेवलं होतं, ती काही म्हणाली नाही. झुलाल पुढे बसणार तेवढ्यात त्याला कुणीतरी आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटलं.

दरवर्षी मेहुणा बहिणीला घेऊन निघाला की झुलाल दुकानात जातो म्हणून सांगायचा आणि फाट्यावर जाऊन उभा राहायचा. एस.टी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग घरी येऊन रिकाम्या घरात इकडून तिकडे फिरायचा, चहाला भांडं सापडायचं नाही. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

त्याने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ज्योत्स्ना उभी होती. खांद्यावर हिरवा खण, डोक्यावर टोपी. टोपी तिला मोठी होत होती, ती एका हाताने सावरत होती. दुसऱ्या हाताने तिने कठडा धरला होता, घट्ट.

झुलालने तोंडाभोवती हात धरले आणि भर रस्त्यात, शेतातून हाक मारावी तसा ओरडला.

"पंचमीले आनी सोडस हो, पाव्हना!"

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने दचकून वर पाहिलं. समोरच्या गॅलरीतल्या आजींनी कपडे वाळत घालता घालता पाहिलं. शेजारच्या दुकानदारानेही बाहेर येऊन पाहिलं. त्यांनी सगळे मजले शोधले, पण पाव्हना काही कुणाला दिसेना. टोपी घातलेली एक बाई तेवढी होती, आणि ती हात हलवत होती.